टेकडी नाचण्यांची, कोळसा ओपलबाईंचा

हा लेख लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मंडळाच्या दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहितात ते निवृत्त सर्जन, निवृत्त इंजिनिअर, ज्यांच्या हाताखाली माणसं होती असे लोक. माझी नोकरी काही वर्षांची, तीही कॉलेज सांभाळून केलेली, आणि हाताखाली कोणीही नाही. पदवी अजून एका सेमिस्टरच्या अंतरावर आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील कराडला गवंडीकाम करायचे. मामांनी आम्हाला इकडे आणलं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, आणि इथल्या शाळेत पहिला हिवाळाभर मी नुसती मान हलवत होतो. त्यामुळे माझं मराठी शाळेतलं आणि इंग्रजी कोर्टहाउसमधलं आहे. सांभाळून घ्यावं.

अंकाच्या संपादक काकूंनी फोन केला तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं होतं.

"अरे, पण तू दिवसभर करतोस तरी काय?" त्यांनी विचारलं. "तुझी आई सांगते, दत्ता कोर्टात असतो. आम्हाला वाटलं, काही केसबिस आहे की काय."

"केस नाही, काकू. मी जमिनीचे मालक शोधतो."

"मालक हरवतात?"

"वरचे नाही हरवत. खालचे हरवतात."

"हेच लिही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

तर खालच्या मालकांबद्दल लिहितो.

इंडियानाच्या दक्षिणेला, मक्याची सपाट शेतं संपून टेकड्या सुरू होतात तिथल्या एका लहान गावात मिसेस क्रेमर यांचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. समोर काउंटीचं कोर्टहाउस. कोणाला जमीन घ्यायची असली, गहाण ठेवायची असली किंवा तिच्यात तेल अथवा कोळसा शोधायचा असला, की तो मिसेस क्रेमरकडे येतो आणि विचारतो, ही कोणाची? आम्ही कोर्टहाउसच्या तळघरात जाऊन तिथल्या जाडजूड पुस्तकांतून आजपासून मागे मागे जात राहतो. याला कोणी विकली, त्याला कोणी विकली, असं करत सरकारनं पहिल्यांदा ज्याला दिली त्या माणसापर्यंत पोचायचं, आणि मग पुन्हा पुढे यायचं. आपल्याकडे वकील टायटल सर्च करतात, तेच हे काम. "आम्ही" म्हणजे मिसेस क्रेमर आणि मी.

मिसेस क्रेमर साठीच्या पुढच्या आहेत. त्या सगळ्यांना हनी म्हणतात, बँकेच्या मॅनेजरलासुद्धा. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक पेपरमिंट दिली आणि एक नियम सांगितला. "हनी, आपण न्यायाधीश नाही. जमीन कोणाची असायला हवी, हे आपल्याला कोणी विचारलेलं नाही. कोणाची आहे, तेवढं सांगायचं." मला तेव्हा वाटलं, हा फारच सोपा नियम आहे.

आता आपल्या लोकांच्या गळी उतरत नाही ती गोष्ट. इथे जमिनीला दोन मजले असू शकतात. वरचा मजला एकाचा आणि खालचा दुसऱ्याचा. शेत विकताना आजोबांनी खाली असलेलं तेल, गॅस, कोळसा स्वतःकडे राखून ठेवला, की तिथून पुढे त्या दोन वेगळ्या मालमत्ता होतात. वरची विकली जाते, वाटली जाते, तिच्यावर घरं होतात. खालचीही तशीच वारसाहक्कानं उतरत जाते, फक्त ती कोणाला दिसत नाही. आणि खालच्या मालकाला आपला माल काढायला वरून जाण्याचा हक्क असतो. आपल्याकडे आपण धरूनच चालतो की विहिरीला पाणी लागेपर्यंत आपलं, त्याखाली काही सापडलं तर सरकारचं. इथे खाली सरकार नसतं. खाली कोणातरी मिस्टर जोन्सची मुलगी असते, आणि ती कुठे आहे ते कोणालाच माहीत नसतं.

अशी वाटणी माणसं का करतात, त्याला उत्तर नाही. आमच्या काउंटीत दोन भाऊ होते. बापाच्या अंत्यविधीनंतर त्यांचं भांडण झालं आणि त्यांनी शेत उभं कापण्याऐवजी आडवं कापलं. थोरल्यानं वरचं घेतलं, धाकट्यानं खालचं. त्यानंतर धाकटा दर उन्हाळ्यात कुंपणाशी येऊन उभा राहायचा आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या थोरल्याला ओरडून सांगायचा, "जपून चालव. माझ्या छतावरून जातोयस." त्यानं कधी एक भोक पाडलं नाही. थोरला गेल्यावर धाकट्यानं आमच्याकडे येऊन विचारलं, आता माझा हक्क काढून कसा टाकायचा? मिसेस क्रेमरनी कारण विचारलं. तो म्हणाला, "आता ओरडायला वर कोणी नाही."

आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मात्र याच्या उलटा असतो. वरचा मालक येतो, टोपी काढतो आणि विचारतो, खालचं मला परत मिळेल का?

पूर्वी उत्तर साधं होतं: नाही, विकत घ्या. मग आमच्या राज्यानं एक कायदा केला. खालच्या मालकानं वीस वर्षं आपल्या हक्काचा काहीच वापर केला नाही, त्यावर कर भरला नाही, आणि कोर्टहाउसमध्ये येऊन "हे अजून माझं आहे" अशी नोंदही केली नाही, तर तो हक्क संपतो आणि वरच्या मालकाकडे परत जातो. यावर पुष्कळ खटले झाले. देशातल्या सर्वोच्च कोर्टानं कायदा टिकवला, आणि मी कामाला लागलो त्या सुमारास आमच्या ऑफिसात टोपी काढून येणाऱ्यांची रीघ लागली होती. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं तेल असंच परत आलं, कारण शिकागोतले वारस विसरून गेले होते. नंतर कळलं की खाली थेंबभरही नाही. ते म्हणाले, "नसू दे. पण जे नाही ते माझं आहे."

आता डॉक्टर नाचण्यांची गोष्ट. त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे नाचणेकाकूंनी, "माझं स्वयंपाकघर नीट लिही" एवढी अट घातली आहे.

डॉक्टर मूळ नागपूरचे. आमच्या काउंटीत दुसरा एकही भारतीय नव्हता तेव्हापासून ते तिथे जनरल प्रॅक्टिस करतात. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातून जन्मली. आम्ही आलो त्या आठवड्यात त्यांनीच आम्हाला जेवायला बोलावलं, आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मला ड्राइव्ह करायला त्यांनीच शिकवलं. काकूंना हे गाव आवडायला फार वर्षं लागली. मग गावाबाहेरची एक टेकडी विकायला निघाली, ती त्यांनी घेतली, वर घर बांधलं, उतारावर काकूंनी पडवळ आणि वाल लावले. काकू मला एकदा म्हणाल्या होत्या, "इथं यायच्या आधी मी सुट्टीत नागपूरला निघाले की 'घरी चाललेय' म्हणायची. या टेकडीवर आले आणि एक दिवस विमानतळावर लक्षात आलं, आपण 'नागपूरला चाललोय' म्हणालो."

टेकडी घेतली तेव्हा खरेदीखतात एक ओळ होती: खालचा कोळसा यात समाविष्ट नाही. डॉक्टरांनी ती वाचली होती. "मला वाटलं, सरकारचा असेल," ते मला म्हणाले. "आपल्याकडे असतंच ना तसं. मी म्हटलं, ठेवा बाबा, मला काय करायचाय कोळसा."

मग एक कोळसा कंपनी आली. त्यांना आमच्याकडच्या ओळीनं असलेल्या टेकड्या हव्या होत्या, आणि प्रत्येकीखालचा कोळसा कोणाचा ते शोधायचं काम त्यांनी मिसेस क्रेमरना दिलं. इथे बोगदे खणत नाहीत. झाडं काढतात, माती बाजूला करतात, मग सुरुंग लावून टेकडीच उतरवतात आणि कोळसा उघडा करून उचलतात. नंतर माती भरून गवत पेरतात. गवत चांगलं येतं. पण जे घर होतं ते पुन्हा येत नाही.

नाचण्यांची टेकडी त्या ओळीच्या बरोबर मध्ये होती. मी मागे मागे गेलो आणि पाहिलं, की रिग्सबी नावाच्या माणसानं फार पूर्वी वरची जमीन विकून कोळसा राखला होता, आणि तो "वरून उकरून काढण्याच्या हक्कासह" राखला होता. आजकाल कोणी असं लिहू देणार नाही, पण त्यानं लिहून घेतलं होतं. याचा अर्थ, हक्क जिवंत असेल तर रिग्सबीचे वारस तो कंपनीला देऊ शकत होते, आणि मग डॉक्टरांना नुकसानभरपाई मिळाली असती, पण नाही म्हणता आलं नसतं.

वारसांपैकी कोणी कर भरलेला नव्हता. दावा नोंदवलेला नव्हता. राहिला तो फक्त वापर. वापर झाला नाही हे पुस्तकांत कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून आम्ही तिथं राहणाऱ्या माणसाकडून प्रतिज्ञापत्र घेतो. मिसेस क्रेमरनी मजकूर टाइप करून माझ्या हातात दिला. "तुझ्या डॉक्टरांना वाचायला दे. खरं असेल तर सोमवारी नोटरीसमोर सही करतील, आणि कोळसा त्यांचा."

रविवारी मी टेकडीवर गेलो तेव्हा मला इतका आनंद झाला होता की गाडीतून उतरताना दिवे बंद करायचे राहिले. काकू थालीपीठं लावत होत्या. त्यांच्या स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे आणि तिच्यातून मागचा सगळा उतार दिसतो, हे त्यांच्या अटीप्रमाणे नमूद करतो. डॉक्टरांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, की मी इथं राहायला आल्यापासून या जमिनीतून कोणीही कोळसा काढलेला नाही, हे मला प्रत्यक्ष माहीत आहे.

"एवढी सही केली की ते मशीनवाले येणार नाहीत?" काकूंनी विचारलं.

"काकांनी नाही म्हटलं तर नाही येणार."

"मग करा की. पेन देऊ?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ओपल नेते त्याचं काय?"

"कोण ओपल?" मी विचारलं.

"ती म्हातारी रे," काकू तवा पुसत म्हणाल्या. "दर नोव्हेंबरला जुना पिकअप घेऊन येते. मागे ओढ्याकाठी दरड आहे ना, तिच्यात काळा पट्टा दिसतो, तिथून उकरून तीन-चार पोती भरून नेते. त्यांच्या घरचे सगळे जमतात, मोठ्या काहिलीत मटणाचं काहीतरी शिजवतात, त्याला तोच कोळसा लागतो म्हणे. आम्हालापण बरणी आणून देते. मी ती नर्सला देऊन टाकते."

"ओपल काय? आडनाव काय त्यांचं?"

"रिग्सबी," डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं, तुम्ही तिला परवानगी दिली होती का?

"परवानगी कसली?" काकू म्हणाल्या. "म्हातारी बाई, थंडीला लागत असेल, नेऊ दे म्हटलं. आपली जमीन, आपला कोळसा, चार पोत्यांनी काय होतंय? दिवाळीच्या आसपास येते, म्हणून फराळाचा डबा देते मी तिला. बेसनाचे लाडू फार आवडतात तिला."

मी जे सांगायला नको होतं ते सांगितलं. ओपलबाई कोळसा राखणाऱ्या त्या जुन्या रिग्सबीच्या वारस असणार. कायद्यात वापराची व्याख्या अशी आहे, की मालकानं स्वतः त्या थरातून कोळसा काढलेला असला पाहिजे.

"किती काढला पाहिजे, ते लिहिलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, काका. किती ते लिहिलेलं नाही."

"चार पोती म्हणजे काय खाण झाली?" काकू म्हणाल्या. "आणि कोणाला दिसतंय ते? रस्त्यावरून ती दरड दिसतसुद्धा नाही."

तेवढ्यात शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून त्यांच्या मुलीचा, मेघनाचा, रविवारचा फोन आला. काकूंनी तिला सगळं सांगितलं आणि फोन डॉक्टरांच्या कानाला लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "डॅड, जस्ट साइन इट. नोबडी केअर्स अबाउट फोर बॅग्ज ऑफ कोल."

"मी पोती गाडीत चढवून दिली आहेत, बाळा," डॉक्टर म्हणाले. "आय लोडेड देम मायसेल्फ. मग कोणीही काढला नाही असं कसं लिहू?"

फोन ठेवल्यावर काकूंनी शेवटचं थालीपीठ तव्यावर टाकलं. मग म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांच्या मरणाच्या दाखल्यांवर सह्या केल्यात. एक सही घरासाठी होत नाही तुमच्याच्यानं?"

"तिथंही जे पाहिलं तेच लिहितो."

"मग लिहा. आणि ते टेकडी उतरवायला आले की त्यांनाही पोती चढवून द्या." काकूंनी गॅस बंद केला आणि त्या मागे वालाच्या मांडवाकडे निघून गेल्या. शेवटचं थालीपीठ तव्यावर तसंच राहिलं.

डॉक्टरांनी तो कागद उलटा केला आणि मागे आपल्या हातानं लिहिलं, की ओपल रिग्सबी दर वर्षी नोव्हेंबरात इथून कोळसा काढून नेतात, हे मी पाहिलं आहे. लिहिताना ते थांबले नाहीत. मी समोर बसलो होतो. मला त्यांना अडवावंसं वाटत होतं आणि अडवू नये असंही वाटत होतं, आणि मी फक्त पाणी पीत राहिलो.

सोमवारी मिसेस क्रेमरनी तो कागद वाचला, बाजूला ठेवला, पुन्हा उचलून वाचला. "हे त्यांना कोणी विचारलं होतं?"

"नाही, मॅम."

"इतकी वर्षं लोक या टेबलासमोर उभे राहून मला सांगतात, ते माझं आहे," त्या म्हणाल्या. "माझं नाही म्हणायला कोणी आल्याचं आठवत नाही." मग त्यांनी टाइपरायटर माझ्याकडे सरकवला. "अहवाल तू टाइप कर. कोळशाची मालक: ओपल रिग्सबी." तो सोपा नियम त्या दिवशी मला फार जड गेला. एवढं एक पान टाइप करायला मला सकाळ लागली.

डॉक्टरांचं म्हणणं पडलं, की कंपनीचा माणूस पोचण्याआधी आपण स्वतः जाऊन ओपलबाईंना सांगायचं. मला बरोबर घेतलं, कायद्याचं काही विचारलं तर सांगायला. काकू "मी येत नाही" म्हणाल्या आणि आमच्या आधी गाडीत जाऊन बसल्या. चार दिवस त्या डॉक्टरांशी बोलत नव्हत्या. जे सांगायचं ते माझ्यामार्फत सांगत होत्या. "दत्ता, त्यांना म्हणावं, डावीकडे वळायचंय."

ओपलबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, डॉक्टरांपेक्षा उंच, अंगात मेलेल्या भावाचा कोट. लग्न केलेलं नाही. बापानं उरलेलं शेत भावाला दिलं आणि टेकडीखालचा कोळसा यांना. त्यांनी आम्हाला पोर्चवर बसवलं आणि डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं.

"कोळसा माझा आहे, हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली.

"आम्हाला वाटलं, आम्ही तुम्हाला नेऊ देतोय," काकू म्हणाल्या.

"मला वाटलं, मी तुम्हाला राहू देतेय."

"मग मी दर वर्षी ते लाडू देत होते, ते काय म्हणून घेतलेत?"

ओपलबाईंनी थोडा विचार केला. "भाडं म्हणून."

काकूंनी माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "दत्ता, रेंटच म्हणाली ना ती?" मी हो म्हटलं. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्या इतक्या हसल्या की पोर्चवरची झोपाळ्याची बैठक करकरायला लागली. शेवटी डॉक्टरांच्या दंडाला धरून त्यांना म्हणाल्या, "ऐकलंत का? भाडेकरू आहात तुम्ही." चार दिवसांनी त्या त्यांच्याशी थेट बोलल्या त्या अशा.

ओपलबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, कंपनी काय करते ते नीट सांग. मी झाडांपासून गवतापर्यंत सगळं सांगितलं.

"सगळी टेकडी?"

"हो, मॅम."

"माझ्या भाच्यांना कळलंय का?"

"अजून नाही."

"कळेल," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. भेट संपली होती. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं गेली. डावीकडची टेकडी गेली, मग पलीकडची गेली. त्या दोन्हींचे अहवाल मीच टाइप केले होते. त्यातलं एक अक्षरही चुकीचं नव्हतं, तरी सुट्टीत त्या रस्त्यानं जाताना मला तिकडे बघवत नसे. सुरुंग उडाला की काकूंच्या मांडणीतल्या ताटल्या वाजायच्या. वालाच्या पानांवर करडी धूळ बसायची आणि काकू पाइपनं एकेक वेल धुवायच्या. कंपनीचा माणूस ओपलबाईंकडे खेपा घालत होता. त्या त्याला कॉफी द्यायच्या, भाचे बाजूला बसून समजावायचे, आणि त्या म्हणायच्या, विचार करतेय.

"एकदा विचारा ना तिला, काय ठरवलंयस म्हणून," काकू डॉक्टरांना म्हणायच्या.

"विचारलं की मागितल्यासारखं होतं."

"मागितलं तर काय बिघडलं?"

"मग तिला आपल्याकडे यायला जड जाईल."

दोन्ही नोव्हेंबरांत ओपलबाई आल्या. पिकअप लावला, दरडीत उतरल्या, कोळसा काढला. डॉक्टरांनी पोती चढवून दिली. दोघांनीही कंपनीचं नाव काढलं नाही. काकूंनी डबा मोठा केला होता. "भाडं वाढवलंय मी," त्या मला फोनवर म्हणाल्या, आणि लगेच गंभीर होऊन म्हणाल्या, "दत्ता, तिच्या मनात काय आहे रे? तुमच्या त्या कोर्टात काही कळत नाही का?"

मी म्हटलं, काकू, नोंद झाल्याशिवाय काहीच कळत नाही.

डॉक्टरांना त्या दोन वर्षांत मी कधी चिडलेलं पाहिलं नाही. मला ते अजून नीट समजत नाही, म्हणून मी त्याबद्दल मोठे शब्द वापरत नाही. मी एकदा धीर करून विचारलं, काका, पस्तावा होतो का? ते म्हणाले, "रात्री कंपनी पाठवते त्या सुरुंगाच्या तारखांच्या पत्रकाकडे बघितलं की होतो. सकाळी ओपीडीला जायच्या आधी जातो." आणि मग त्यांनी माझ्या परीक्षांबद्दल विचारलं.

मी दोन तास उत्तरेला, विद्यापीठात राहायला आलो. सुट्टीत मिसेस क्रेमरकडे काम करतो, एरवी वसतिगृहात असतो. हा लेख अर्धा लिहून झाला होता आणि त्याचा शेवट काय करावा हे मला सुचत नव्हतं. गेल्या आठवड्यात सकाळी कॉरिडॉरमधला फोन वाजला आणि कोणीतरी माझं नाव घेतलं. मिसेस क्रेमर होत्या. त्या लांबचा फोन कधीच करत नाहीत.

"हनी, आज एक डीड नोंदवून घेतली. मीच तयार केली. तुला क्रमानं वाचून दाखवते." घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली. "देणार: ओपल रिग्सबी, अविवाहित."

मी डोळे मिटले आणि कंपनीच्या नावाची वाट पाहिली.

"घेणार: डॉक्टर आणि मिसेस नाचणे, पती आणि पत्नी." आडनाव त्यांनी नेहमीसारखंच चुकीचं उच्चारलं. "टेकडीखालचा सगळा कोळसा. काहीही राखून न ठेवता."

कॉरिडॉरमध्ये मुलं क्लासला चालली होती. मग सवयीनं, दुसरं काही न सुचल्यामुळे, मी आमच्या कामातला पुढचा प्रश्न विचारला. "मोबदला काय लिहिलाय?"

"प्रेम आणि जिव्हाळा," मिसेस क्रेमर म्हणाल्या. "मी तिला सांगितलं, ओपल, हे शब्द रक्ताच्या नात्यात घालतात. आईनं मुलाला दिलं, भावानं बहिणीला दिलं, तर. परक्याला देताना निदान एक डॉलर तरी लिहितात."

"मग?"

"भाचा बाहेर गाडीत बसला होता. तिनं खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, 'माझे नातेवाईक मला माहीत आहेत. तू हेच लिही.'"